बोलोन्याचे भाडेकरू

‘युनिव्हर्सिटी’ या शब्दाचा विद्येशी मुळात काही संबंध नव्हता. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘युनिव्हर्सितास’ म्हणजे शपथ घेऊन एकत्र आलेल्या माणसांचा संघ. सुतारांचा संघ ही युनिव्हर्सितास, विणकरांचा संघ हीसुद्धा युनिव्हर्सितास. जिथे शिकवलं जाई त्या व्यवस्थेला वेगळा शब्द होता, ‘स्तुदियुम’. इटलीतल्या बोलोन्या शहरात बाराव्या-तेराव्या शतकांत जी युनिव्हर्सितास उभी राहिली ती प्राध्यापकांची नव्हती. ती विद्यार्थ्यांची होती, आणि त्यातही फक्त बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांची. बोलोन्यात जन्मलेला मुलगा वर्गात मांडीला मांडी लावून बसे, पण संघात त्याला मत नव्हतं. प्राध्यापकांना तर नव्हतंच.

म्हणजे ज्या संस्थेचं नाव पुढे जगभर गेलं, ती जन्मली परमुलखात खोली शोधणाऱ्या, पैसे संपत आलेल्या, कायद्याचं संरक्षण नसलेल्या तरुणांची संघटना म्हणून. या तरुणांचे दिवस कसे जात, आणि त्यांना संघटनेची एवढी निकड का भासली, हे मला इथे सांगायचं आहे.

या विषयाकडे मी आलो तो हिशेबाच्या वाटेनं. माझं कॉलेज अर्धवट सुटलं आणि पुढची तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या लिहिण्यात गेली. त्यामुळे जुनी जमाखर्चाची नोंद दिसली की पाय अडतो. हेस्टिंग्ज रॅशडॉल या इंग्रज अभ्यासकाने १८९५ साली युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांवर मोठा ग्रंथ लिहिला. तो वाचताना बोलोन्याच्या प्रकरणात दंड, अनामत, घरभाडं, व्याज हे शब्द पानोपानी भेटू लागले, आणि मला वाटलं, हा माझा प्रांत आहे. मग चाळिशीनंतर कामापुरती लॅटिन शिकलो. रॅशडॉलच्या नंतर पुष्कळ संशोधन झालं आहे, त्याच्या काही मतांना धक्काही बसला आहे, पण वहीतल्या नोंदी तशाच आहेत.

बोलोन्याला लोक येत ते रोमन कायदा शिकायला. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात संकलित करवलेला कायदा पश्चिम युरोपात जवळजवळ विस्मरणात गेला होता. अकराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा अभ्यास बोलोन्यात नव्याने सुरू झाला, आणि इर्नेरियस या पंडिताचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. ११४० च्या सुमारास ग्रेशियनने चर्चच्या कायद्याचं संकलनही इथेच केलं. राजाच्या दरबारात किंवा बिशपच्या कचेरीत वर चढायचं तर या दोन्ही कायद्यांचं ज्ञान म्हणजे हुकमाचं पान होतं. विद्यापीठ स्वतःची स्थापना १०८८ सालची सांगतं. ते साल मात्र एकोणिसाव्या शतकात कवी जोझुए कार्दुच्ची यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ठरवलं, १८८८ मध्ये आठशेवा वाढदिवस साजरा करता यावा म्हणून. संस्थांच्या जन्मतारखा अशाच निघतात. आपल्याकडच्या कित्येक देवस्थानांचं आणि शाळांचं वेगळं काय आहे?

येणारे सगळे कोवळे पोरगे नव्हते. पुष्कळ जण पंचविशी ओलांडलेले, कुणी चर्चमध्ये पद असलेले, कुणी सरदारघराण्यातले. जर्मनी, हंगेरी, पोलंड, स्पेन, इंग्लंडहून लोक आल्प्स ओलांडून येत. पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेला आणि तिथल्याच चर्चमध्ये मारला गेलेला टॉमस बेकेट हाही काही काळ बोलोन्यात कायदा शिकला होता. अशा माणसाकडे पैसा असे, नोकर असे, पुस्तकं असत. नसे ती एकच गोष्ट, नागरिकत्व.

आणि त्या काळच्या इटालियन शहरात नागरिकत्व नसणं म्हणजे काय, याची कल्पना एका प्रथेवरून येते. समजा, कोलोन शहरातल्या एखाद्या व्यापाऱ्याने बोलोन्याच्या सावकाराचे पैसे बुडवले आणि तो निघून गेला. सावकार काय करी? कोलोनचा दुसरा कुणीही माणूस बोलोन्यात सापडला तर त्याचा माल जप्त करी. त्या माणसाचा व्यापाऱ्याशी काडीचा संबंध नसला तरी चाले. गाव एक ना, मग पुरे. व्यापारी या जोखमीचा हिशेब नफ्यात धरत. विद्यार्थ्याला नफा कुठला? त्याचं घोडं, कपडे आणि पुस्तकं एवढीच त्याची दौलत.

११५५ साली सम्राट फ्रेडरिक बार्बरोसा राज्याभिषेकासाठी रोमकडे निघाला असताना बोलोन्याजवळ त्याचा मुक्काम पडला. तिथे विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी त्याच्यापुढे हेच गाऱ्हाणं मांडलं, असं त्या काळच्या एका लॅटिन काव्यात वर्णन आहे. त्यातून आलेला हुकूम ‘ऑथेंटिका हबिता’ या नावाने ओळखला जातो, आणि ११५८ मध्ये रोंकालियाच्या सभेत तो जाहीर झाला. विद्येसाठी घर सोडून परदेशी झालेल्यांनी निर्धास्त प्रवास करावा. एका प्रांतातल्या माणसाच्या कर्जापायी त्याच प्रांतातल्या विद्यार्थ्याला कुणी हात लावू नये. लावलाच तर घेतलं त्याच्या चौपट परत करावं. विद्यार्थ्यावर कुणी फिर्याद केली तर ती आपल्या शिक्षकापुढे चालावी की शहराच्या बिशपपुढे, हे त्यानं निवडावं. हा हुकूम जस्टिनियनच्या संहितेतच घालायची आज्ञा झाली, म्हणजे कायदा शिकणाऱ्यांच्या पाठ्यपुस्तकातच त्यांच्या संरक्षणाचं कलम आलं!

पण सम्राट आल्प्सच्या पलीकडे आणि घरमालक रस्त्याच्या पलीकडे. कागद हाती असून भागत नाही, तो बजावून घेणारं कुणीतरी लागतं. म्हणून एकाच मुलखातले विद्यार्थी आधी आपापले गट करू लागले. या गटाला ‘नात्सिओ’ म्हणत. आजारी सोबत्याची विचारपूस, मेलेल्याची अंत्ययात्रा, भांडण लागलं तर साक्ष, सणाला मेजवानी. मुंबईत कोकणातल्या गावकऱ्यांनी चाळीत गाळे घेऊन जी गावमंडळं चालवली, ती आठवली तर नात्सिओ समजायला वेळ लागत नाही. तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या गटांचे दोन मोठे संघ झाले होते. आल्प्सच्या पलीकडून आलेल्यांचा एक, आणि अलीकडच्यांचा म्हणजे इटलीतल्याच पण बोलोन्याबाहेरच्यांचा दुसरा. फ्लोरेन्सचा मुलगाही इथे परकाच होता. प्रत्येक संघाचा एक रेक्टर. तो विद्यार्थ्यांनी निवडलेला विद्यार्थीच असे. वय चोवीसच्या वर, अविवाहित, आणि पाच वर्षं कायदा शिकलेला, अशा अटी पुढच्या नियमावलीत आहेत. आज कुलगुरूंना इटलीत ‘रेत्तोरे’ म्हणतात ते याच पदावरून.

जर्मन नात्सिओची १२८९ पासूनची वही शिल्लक आहे आणि ती १८८७ साली छापलीही गेली. नवा आलेला प्रत्येक जण ऐपतीप्रमाणे वर्गणी देतो, त्याचं नाव आणि रक्कम लिहिली जाते. मग खर्च येतो, मेणबत्त्या, प्रार्थना, वाइन. मला ही वही फार आवडते. कुणाला काय वाटलं, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. पण दूरच्या कुठल्याशा मठातून आलेला एक माणूस अमुक वर्षी इथे पोचला, खिशात हात घातला आणि आपल्या भाषेच्या माणसांत जाऊन बसला, एवढं दिसतं.

आता घराचा प्रश्न. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांची सोय सुरुवातीला नव्हती. ते गावात भाड्यानं राहत आणि शहराचं अर्थकारण त्या भाड्यावर चाले. एका विद्यार्थ्याला काढून दुसऱ्याकडून जास्त घ्यायचं, ही घरमालकाची युक्ती तेव्हाही होतीच. ११८९ मध्ये पोप तिसरा क्लेमेंट यानं त्यावर बंदी आणणारी आज्ञा पुन्हा बजावली. विद्यार्थी राहत असलेलं घर जास्त भाडं देऊ करून कुणी त्याच्या पायाखालून काढून घेऊ नये, असा तिचा रोख. आज्ञा मालकांइतकीच विद्यार्थ्यांना उद्देशून आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे, कारण एकजुटीला पहिला सुरुंग आपल्यातलाच जास्त पैसेवाला लावतो. पुढे संघाने शहराशी करार करून भाडं ठरवणारे पंच नेमले, दोन विद्यार्थ्यांचे, दोन शहराचे. पंचांनी ठरवलेलं भाडं न मानणाऱ्याच्या घरावर बहिष्कार पडे, आणि मग काही वर्षं ते घर कुठल्याही विद्यार्थ्यानं घ्यायचं नाही.

बोलोन्याचे ते प्रसिद्ध पोर्तिको, म्हणजे रस्त्याच्या कडेने चालणारे छपराखालचे खांबी मार्ग, हेही या दाटीचं अपत्य आहे. वरचा मजला रस्त्यावर पुढे काढायचा, खाली खांब द्यायचे, म्हणजे खोली वाढते आणि वाट अडत नाही. १२८८ मध्ये शहरानं नियमच केला की नव्या घराला पोर्तिको हवाच. आज त्यांची एकूण लांबी ६२ किलोमीटर भरते आणि २०२१ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पर्यटक त्यांच्या कमानींचे फोटो काढतात. मी त्याकडे वाढवलेल्या खोल्या म्हणून पाहतो.

माझी भाची त्याच वर्षी पुण्याहून बोलोन्याला शिकायला गेली. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, खोली मिळेना. फोनवर मालक गोड बोलत आणि आडनाव ऐकलं की खोली ‘कालच गेलेली’ असे. सहा आठवडे ती बॅगा घेऊन हॉस्टेलच्या सामाईक खोलीत राहिली. शेवटी मदतीला आली ती केरळची एक मुलगी आणि तिच्या ओळखीचे दोन बांगलादेशी दुकानदार. “मामा, इथे इंडियन म्हणजे काय ते मला इथे आल्यावर कळलं,” असं ती म्हणाली. पोस्टातून निवास परवान्याचा अर्जसंच आणायचा, तो मुदतीत भरायचा, मग पोलिस कचेरीत बोटांचे ठसे द्यायला रांग लावायची. या सगळ्याची माहिती तिला विद्यापीठाच्या पत्रकांपेक्षा आधी येऊन गेलेल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून जास्त मिळाली. मी तिला नात्सिओच्या वहीबद्दल सांगितलं. तिने विचारलं, “वर्गणी किती होती?” २०२३ च्या मे महिन्यात मिलानमध्ये एका विद्यार्थिनीनं भाड्याच्या निषेधार्थ विद्यापीठासमोर तंबू ठोकला आणि पाहता पाहता इटलीतल्या अनेक विद्यापीठांसमोर तंबू उभे राहिले, तेव्हा तो फोटो मला पाठवणारीही तीच.

भाड्याच्या खालोखाल खर्च पुस्तकांचा. छपाई यायला अजून दोनशे वर्षं होती. कायद्याचं एक सटीक पुस्तक चामड्यावर उतरवून घ्यायचं तर सामान्य माणसाची कित्येक वर्षांची कमाई जाई. त्यावर बोलोन्यात तोड निघाली. तपासलेल्या मूळ प्रतीचे सुटे भाग पाडायचे आणि ग्रंथविक्रेत्याने एकेक भाग भाड्याने द्यायचा. या भागाला ‘पेचिया’ म्हणत. पेचियाचं मापही ठरलेलं होतं, सोळा स्तंभ, स्तंभात बासष्ट ओळी, ओळीत बत्तीस अक्षरं. माप ठरलं की दर ठरतो, आणि दर ठरला की फसवणूक पकडता येते. हे कलम ज्यानं कुणी लिहिलं तो माझ्या जातकुळीचा. मूळ प्रती शुद्ध आहेत की नाहीत हे पाहायला सहा विद्यार्थ्यांची समिती असे. एक जण पहिला भाग उतरवतोय तोवर दुसरा तिसरा भाग नेतो, म्हणजे एकाच पुस्तकावरून एकाच वेळी अनेक प्रती तयार होत.

पुस्तकांचे आणि कर्जांचे हे व्यवहार कळतात एका सरकारी दप्तरामुळे. १२६५ पासून बोलोन्यात वीस लिरांवरच्या प्रत्येक कराराची नोंद सरकारी वहीत होऊ लागली. त्या वह्यांना ‘मेमोरियाली’ म्हणतात. करारांच्या मध्ये कुणी मागाहून खोटी ओळ घुसवू नये म्हणून नोटरी कोऱ्या जागा भरून काढत, आणि भरायला काहीतरी हवं म्हणून कविता लिहीत! इटालियन भाषेतल्या कितीतरी जुन्या कविता अशा वाचल्या. दान्तेचं बोलोन्याच्या गारिझेंदा मनोऱ्यावरचं सुनीत १२८७ च्या अशाच वहीत सापडतं. विषय सोडून थोडं बोललो, पण हिशेबाच्या वहीने कवितेवर केलेला हा उपकार सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

पैसे संपले की घरी पत्र. बोलोन्या हे पत्रलेखन शिकवण्याचंही मोठं केंद्र होतं. बोनकोम्पान्यो दा सिन्या नावाच्या शिक्षकाचा नमुना-पत्रांचा ग्रंथ १२१५ मध्ये इथे जाहीर वाचला गेला. अशा संग्रहांत विद्यार्थ्यानं वडिलांना, काकांना, बिशपला कसं लिहावं याचे मासले असतात. चार्ल्स हास्किन्स या अमेरिकन अभ्यासकाने असे संग्रह धुंडाळले तेव्हा त्याला दिसलं की युरोपभर या पत्रांचा मजकूर सारखाच आहे. शहर महाग आहे, मी खूप अभ्यास करतो, पुस्तकं गहाण पडली आहेत, लवकर पाठवा. वडिलांच्या उत्तराचेही नमुने आहेत. त्यात बहुधा ‘तू अभ्यास करत नाहीस असं आमच्या कानावर आलंय’ हा सूर असतो.

नमुने सोडून खरं उदाहरण हवं असेल तर कोपर्निकसचं घ्या. १४९६ मध्ये तो चर्चचा कायदा शिकायला बोलोन्यात आला आणि जर्मन नात्सिओत दाखल झाला. मागे खर्च करणारे मामा होते, लुकास वात्झेनरोडे, जे स्वतःही बोलोन्यात शिकलेले आणि आता बिशप होते. भाचा इथल्या ज्योतिषी दोमेनिको मारिया नोव्हाराच्या नादी लागला, आणि ९ मार्च १४९७ च्या रात्री चंद्रानं रोहिणीच्या ताऱ्याला झाकलं त्याचं निरीक्षण त्यानं इथूनच केलं. १४९९ मध्ये तो आणि भाऊ आंद्रेआस यांचे पैसे संपले. मामांच्या ओळखीच्या माणसामार्फत रोममधून शंभर डुकाट कर्जाऊ उभे करावे लागले. एवढं होऊन कोपर्निकसनं पदवी बोलोन्यात घेतलीच नाही. ती त्यानं १५०३ मध्ये फेराराला घेतली. त्याचं कारण पुढे येईल.

त्याआधी प्राध्यापकांची गोष्ट. सुरुवातीला प्राध्यापकाला पगार नव्हता. विद्यार्थी आपसांत वर्गणी काढून त्याला देत. त्यामुळे संघाचा बहिष्कार म्हणजे त्याची उपासमार. ओदोफ्रेदो हा तेराव्या शतकातला नामांकित कायदेपंडित वर्षाअखेरीच्या व्याख्यानात जाहीर करतो की पुढच्या वर्षी मी दुपारचे जादा तास घेणार नाही, कारण विद्यार्थ्यांना ज्ञान हवं असतं पण पैसे सोडवत नाहीत. संघाचे नियम मात्र त्याच्यासारख्या पंडितालाही लागू होते. प्राध्यापकाने रेक्टरच्या आज्ञेत राहायची शपथ घ्यायची. एक दिवसाची रजा हवी तरी आधी आपल्या विद्यार्थ्यांची आणि मग रेक्टरची परवानगी. गावाबाहेर जायचं तर परत येण्याची हमी म्हणून अनामत रक्कम. सेंट पीटर चर्चची घंटा वाजू लागली की व्याख्यान सुरू झालं पाहिजे, उशीर झाला तर दंड. पुढची घंटा झाली की एक मिनिटही जास्त बोलायचं नाही. श्रोते पाचांहून कमी आले तर प्राध्यापकच गैरहजर धरायचा आणि दंड घ्यायचा.

यातलं सर्वांत मर्मावर बोट ठेवणारं कलम अभ्यासक्रमाचं आहे. पुस्तकाचे भाग पाडून प्रत्येक भाग कुठल्या तारखेपर्यंत संपवायचा हे ठरलेलं असे. अवघड परिच्छेद ‘नंतर पाहू’ म्हणून पुढे ढकलणं हा गुन्हा. प्राध्यापकानं वर्षाच्या सुरुवातीला काही रक्कम सावकाराकडे ठेवायची आणि मुदत चुकली की त्यातून वजावट व्हायची. लक्ष ठेवायला विद्यार्थ्यांमधूनच खबरे नेमलेले असत. हे सगळं वाचून आजच्या एखाद्या प्राध्यापकाला घाम फुटेल. मला स्वतःला ही व्यवस्था आदर्श वाटत नाही. पाळतीखाली शिकवणाऱ्याकडून घड्याळ पाळलं जाईल, पण एखाद्या मुद्द्यात रमून जाणं होणार नाही. तरी ती कुठून आली हे समजू शकतं. आल्प्स ओलांडून, उसने पैसे घेऊन आलेल्या माणसाला एकेक दिवसाचं मोल असतं.

पण या प्राध्यापकांनी एक किल्ली आपल्या हातात ठेवली होती, परीक्षेची. परीक्षा घेणारी डॉक्टर मंडळींची स्वतंत्र सभा होती आणि तिच्यात पुढे पुढे बोलोन्याच्या नागरिकांनाच प्रवेश उरला. १२१९ मध्ये पोप तिसरा होनोरियस यानं पदवीवर तिथल्या आर्चडीकनची संमती आवश्यक केली. परीक्षेच्या दिवशी सकाळी उमेदवाराला कायद्यातले दोन उतारे नेमून देत आणि त्याच दिवशी नंतर डॉक्टरांपुढे बंद दाराआड त्यावर बोलायचं. खरी परीक्षा तीच. त्यानंतरचा जाहीर समारंभ कॅथीड्रलमध्ये. तिथे पुस्तक, अंगठी, टोपी मिळे, आणि मग पदवीधराने गावजेवण घालायचं, डॉक्टरांना कपडे द्यायचे, मिरवणूक काढायची. हा खर्च इतका वाढला की १३११-१२ च्या व्हिएनच्या धर्मपरिषदेनं त्यावर तीन हजार चांदीच्या नाण्यांची मर्यादा घातली. मर्यादाच एवढी, यावरून अंदाज करा. कितीतरी जण बंद दाराआडची परीक्षा देऊन थांबत आणि कितीतरी जण बोलोन्यात शिकून स्वस्त गावी पदवी घेत. फेरारा त्यासाठी प्रसिद्ध होतं. कोपर्निकस तिकडे का गेला, ते यावरून लक्षात येईल.

विद्यार्थ्यांचं खरं हत्यार होतं गाव सोडून जाणं. त्यांची इमारत नव्हती, प्रयोगशाळा नव्हती, ग्रंथालय नव्हतं. पुस्तकं खेचरावर लादली की विद्यापीठ चाललं. १२०४ मध्ये एक गट विचेन्झाला गेला, १२१५ मध्ये एक आरेत्झोला, आणि १२२२ मध्ये जे गेले त्यांच्यातून पाडुआचं विद्यापीठ उभं राहिलं. शहराने १२११ पासून विद्यार्थ्यांच्या अशा शपथांवर बंदी घालायचा प्रयत्न केला, तर पोप होनोरियसनं विद्यार्थ्यांची बाजू घेतली.

१३२१ सालचा प्रसंग मात्र एवढा सरळ नाही. याकोपो दा व्हालेन्झा नावाच्या स्पॅनिश विद्यार्थ्याने गावातल्या एका घरंदाज मुलीला पळवून नेलं. शहराच्या न्यायाधिकाऱ्याने त्याला पकडून देहदंड दिला. विद्यार्थी खवळले. आपल्या माणसाला शहराने परस्पर मारलं, हा संघाच्या हक्कांवर घाला आहे, असं म्हणून ते मोठ्या संख्येनं बाहेर पडले, आधी इमोलाला, मग सिएनाला. पेत्रार्क तेव्हा आपल्या भावाबरोबर बोलोन्यात कायदा शिकत होता. त्या गोंधळात त्या दोघांनीही गाव सोडलं. शहराची घरं रिकामी पडली, सावकारांची येणी अडकली, आणि वर्षभरात शहर नमलं. समेट झाला, त्याची खूण म्हणून विद्यार्थ्यांसाठी देऊळ बांधायचं ठरलं. कोर्रादो फोगोलिनी या शिल्पकाराने १३२२ मध्ये कोरलेली ‘पिएत्रा देल्ला पाचे’ म्हणजे समेटाची शिळा बोलोन्याच्या मध्ययुगीन संग्रहालयात आहे. मध्ये बाळ येशूला घेतलेली मेरी आणि तिच्यापुढे गुडघे टेकलेले विद्यार्थी.

या शिळेबद्दल लिहिणारे बहुतेक जण विद्यार्थ्यांच्या विजयाचं कौतुक करतात. मला तिथे अडखळायला होतं. देहदंडाची घाई अन्यायाची होती हे मान्य. पण ज्या मुलीपायी हे सगळं झालं तिचं म्हणणं त्या समेटात कुठेच येत नाही. संघ आपल्या माणसामागे उभा राहिला, शहर आपल्या भाड्यामागे. परक्यांचं संरक्षण करण्यासाठी निघालेली संघटना ताकदवान झाली की ती आपल्या प्रत्येक माणसाचं, तो कसाही वागला तरी, संरक्षण करू लागते. बोलोन्याचा गौरव करताना हे पान उलटून पुढे जाता कामा नये.

विद्यार्थ्यांची सत्ता गेली ती दडपशाहीने नाही, पगाराने. १२८० मध्ये विद्यार्थ्यांनी गार्सिया नावाच्या स्पॅनिश पंडिताला वर्षाला दीडशे पौंड ठरवून बोलावलं आणि ती रक्कम शहराने द्यावी, असं शहराच्या गळी उतरवलं. त्यांना वाटलं असणार, बरं झालं, वर्गणी वाचली. १२८९ मध्ये दोन अध्यासनांचा पगार शहराने कायमचा आपल्याकडे घेतला. हळूहळू बाकीचेही पगारी झाले. ज्याच्या हाती पगार त्याच्या हाती नेमणूक, आणि नेमणूक गेल्यावर दंडाच्या कलमांना दात उरले नाहीत. रेक्टर निवडला जात राहिला, मिरवणुकीत पुढे चालत राहिला. १५६३ मध्ये आर्किजिन्नासिओची भव्य इमारत झाली, म्हणजे विद्यापीठाला घर मिळालं. खेचरावर लादून न्यायची सोय संपली. त्या इमारतीच्या भिंती आणि छतं विद्यार्थ्यांच्या कुलचिन्हांनी भरलेली आहेत, सुमारे सहा हजार. नाव भिंतीवर आलं, तोवर अधिकार गेला होता.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडनच्या धर्तीवर स्थापन झालं. पहिली कित्येक दशकं त्याचं मुख्य काम परीक्षा घेणं आणि पदव्या देणं हेच होतं, शिकवणं कॉलेजांकडे. म्हणजे बोलोन्यात जी किल्ली डॉक्टरांच्या सभेकडे होती तेवढी आपल्याकडे बोटीतून आली आणि तिलाच ‘युनिव्हर्सिटी’ म्हटलं गेलं. ज्या अर्ध्या भागाचं ते नाव होतं तो आलाच नाही. आपण त्याचं ‘विद्यापीठ’ केलं, तेही विद्येचं आसन, माणसांचा संघ नव्हे. आपल्याकडे विद्यार्थी संघटना झाल्या त्या विद्यापीठाच्या फाटकाबाहेर, घोषणा देत.

बोलोन्याच्या त्याच संग्रहालयात प्राध्यापकांच्या संगमरवरी समाध्या मांडलेल्या आहेत. १३८३ मध्ये वारलेला जोव्हानी दा लेन्यानो त्यांतला एक. त्याच्या समाधीवर बाकांवर बसलेले विद्यार्थी कोरले आहेत, समोर पुस्तकं उघडी. प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे. कुणी मन लावून ऐकतोय, कुणी हनुवटीला हात लावून भलतीकडे पाहतोय. भाचीने त्यांचे फोटो काढून मला पाठवले आणि खाली लिहिलं, “याचं भाडं थकलेलं दिसतंय.”